चार महिने उभी राहिलेली जुनी गाडी 'मिसिंग' का करते?

पावसाळा सरला की कापडाच्या व्यापाऱ्याची धावपळ सुरू होते. आधी दिवाळीचा सीझन, त्याच्या पाठोपाठ लग्नसराई. नमुन्याचे ताके गाडीत टाकून ठाणे, कल्याण, मुंबई अशा फेऱ्या माराव्या लागतात. नेमक्या याच दिवसांत, चार महिने ताडपत्रीखाली उभी केलेली जुनी गाडी बाहेर काढावी आणि तिने गल्लीच्या तोंडाशीच धक्के देऊ लागावे, हा अनुभव आमच्या पुष्कळ व्यापारी बंधूंना आला असेल. गॅरेजवाले याला 'मिसिंग' म्हणतात. चार सिलिंडरपैकी एखादा आपल्या पाळीला पेटत नाही आणि इंजिनाचा ठेका चुकतो. आम्ही या मिसिंगपायी पैसे घालवले आणि त्यातून जे शिकलो ते वाचकांसमोर ठेवीत आहोत. ज्यांच्या दारात कार्बोरेटरची जुनी गाडी आहे, त्यांचे काही हजार यातून वाचावेत एवढाच हेतू.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. मरहूम वडिलांनी 1986 साली घेतलेली. चार सिलिंडर, 1089 सीसी, कार्बोरेटर आणि पॉइंटचे इग्निशन. भिवंडीत पावसाचे पाणी रस्त्यावर चढते आणि जुन्या गाडीचा पत्रा सडतो. म्हणून जून लागला की आम्ही ती घरामागे उभी करतो. ऑक्टोबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात ती बाहेर काढली. दिवाळी दोन आठवड्यांवर होती. गाडी सुरू तर झाली, पण सारखी थरथरत होती. पिकअप नाही आणि सायलेन्सरमधून फट-फट आवाज.

घाईचा सौदा

सीझनची घाई, म्हणून आम्ही जवळच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. तेथे कोणी काही तपासले नाही. आधी चारही प्लग बदलले. फरक पडला नाही. मग कॉईल बदलली. तरीही फरक नाही. मग म्हणाले, बॅटरी कमजोर आहे. तीही नवी आली. मजुरीसह 7,400 रुपये गेले आणि गाडी होती तशीच थरथरत राहिली. शेवटी निकाल मिळाला, "इंजिन खोलावे लागेल, 38,000 खर्च येईल."

धाकटे भाऊ म्हणाले, "भाईजान, आता हिचा मोह सोडा. भंगारवाला 22,000 देतोय." हिशेबाने पाहिले तर त्यांचे बोलणे चुकीचे नव्हते. बावीस हजारांच्या गाडीवर अडतीस हजार कोणता व्यापारी लावील? पण वडिलांच्या हातची वस्तू खरा दोष कळण्याआधी भंगारात घालायला मन तयार होईना. शेवटी आमच्या ओळखीच्या एका बुजुर्ग मिस्त्रींना बोलावले. त्यांनी उमेदीची सगळी वर्षे मुंबईच्या टॅक्सींवर काम केले होते. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि असे हातही आता थोडेच उरले आहेत. आजच्या गॅरेजमध्ये संगणक जोडून दोष वाचतात. या गाडीला तो जोडायची जागाच नाही. येथे कान, डोळे आणि क्रमाने केलेली तपासणी याच गोष्टी कामी येतात.

ताण्याचा दोष की बाण्याचा?

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. मिसिंग थंड इंजिनात की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की चढावर? ठेका धरून की कधीही? आम्ही म्हणालो, "उस्ताद, एवढे कोणी पाहिले?" ते हसून म्हणाले, "सेठ, ताक्यात दोष निघाला तर तुम्ही आधी काय पाहता?"

हा प्रश्न आमच्या धंद्यातला होता. पॉवरलूमच्या कापडात दोष उभा, एकाच जागी, लांबीभर चालत गेला असेल तर तो ताण्याचा, म्हणजे एखाद्याच धाग्याचा. दोष आडवा, पन्हाभर पसरला असेल तर तो बाण्याचा. हे ओळखल्याशिवाय कोणी लूम खोलायला बसत नाही.

इंजिनाचेही तसेच आहे. एकच सिलिंडर सतत मेलेला असेल तर ठेका दर फेऱ्याला त्याच जागी चुकतो. तेव्हा दोष त्या सिलिंडरच्या स्वतःच्या वस्तूंत शोधावा. त्या म्हणजे त्याचा प्लग, त्याची तार, डेल्कोच्या झाकणातील त्याची जागा, त्याचा व्हॉल्व्ह आणि रिंग. उलट, मिसिंग कधी या तर कधी त्या सिलिंडरला होत असेल, तर दोष सर्वांच्या सामाईक वस्तूत असतो. कॉईल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कार्बोरेटर, पेट्रोल पंप आणि खुद्द पेट्रोल या सामाईक वस्तू. पहिल्या गॅरेजने हा एक प्रश्न विचारला असता तर आमची चांगली कॉईल फेकली गेली नसती.

मेलेला सिलिंडर कसा शोधावा?

इंजिन स्लोवर ठेवून मिस्त्रींनी रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची तार काढली. एक, दोन आणि चार नंबरची तार काढताच इंजिन आणखी बसत होते. म्हणजे ते तिन्ही काम करीत होते. तीन नंबरची तार काढली आणि काहीच फरक पडला नाही. मेलेला सिलिंडर सापडला.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. या तारांतून हजारो व्होल्टचा दाब जातो आणि जबर झटका बसू शकतो. ज्यांना सराव नाही त्यांनी इंजिन बंद करून तार काढावी, तिच्या टोकाला जादा प्लग लावून तो इंजिनाच्या धातूला नीट टेकवावा आणि मगच इंजिन सुरू करावे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या नव्या गाडीत तर ही रीत वापरूच नये. महागडे भाग जळतात.

यानंतर अदलाबदल. तीनचा प्लग दोनमध्ये आणि दोनचा तीनमध्ये लावला. दोष प्लगबरोबर दोनमध्ये गेला असता तर प्लग गुन्हेगार ठरला असता. तो तीनमध्येच राहिला. मग त्या दोन तारांची अदलाबदल केली. तरी दोष तीनमध्येच. या तपासणीला एक पैसा लागत नाही.

प्लग काढले की त्यांचा रंगही पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर नीट जळतो आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हची शंका घ्यावी. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते, पण ठिणगी पडत नाही. आमचा तीनचा प्लग ओला होता. तेव्हा इंजिन खोलण्याआधी ठिणगीचा रस्ता तपासणे ओघाने आले.

डेल्कोच्या झाकणातील केसभर रेघ

ठिणगी चारही प्लगना पाळीपाळीने वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडे डेल्को म्हणतात. पद्मिनीत ही पाळी 1-3-4-2 अशी असते. मिस्त्रींनी डेल्कोचे झाकण काढून विजेरीच्या उजेडात धरले. आत ओल होती आणि तीन नंबरच्या टोकापासून कडेपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी केसभर काळी रेघ होती. ओलसर झाकणावरून ठिणगी घसरते आणि तिच्या मार्गावर कोळशाची रेघ पडते. एकदा रेघ पडली की ठिणगी प्लगकडे न जाता त्या सोप्या वाटेने पळते. नुसती ओल असती तर सुक्या फडक्याने पुसून काम झाले असते. रेघ पडल्यावर झाकण बदलावेच लागते. नवे झाकण 450 रुपयांना मिळाले.

अशी गळती पकडायची आणखी एक युक्ती आहे. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू ठेवावे. तार किंवा झाकण गळत असेल तर निळसर ठिणग्या डोळ्यांना दिसतात. तारा उंदरांनी कुरतडल्या आहेत काय, हेही पाहावे. उभी गाडी म्हणजे उंदरांचे घर.

पॉइंटच्या तोंडावर दमट हवेने गंज चढला होता आणि कंडेन्सरही जुना होता. दोन्ही 350 रुपयांत नवे घातले. पॉइंट नुसते साफ करायचे असतील तर बारीक कानस वापरावी. एमरी पेपरचे कण आत अडकतात.

एकावर एक दोन दोष

झाकण बदलताच गाडी उभ्या जागी लूमसारखी एका ठेक्यात चालू लागली. आम्ही खूश झालो. पण कशेळीच्या पुलावर चढताना तिने पुन्हा आचके दिले. आता ठेका नव्हता, कधी धक्का, कधी कार्बोरेटरमधून फुसकारा. हा बाण्याचा दोष, म्हणजे सामाईक. मिस्त्रींनी चोक थोडा ओढायला सांगितले आणि गाडी सुधारली. चोक ओढल्याने हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाते. त्याने सुधारणा झाली याचा अर्थ पेट्रोल कमी पोचत होते, नाहीतर कोठून तरी जादा हवा शिरत होती.

कार्बोरेटरची वाटी उघडली. तळाशी पाण्याचे थेंब आणि जेटच्या तोंडाशी चिकट थर. टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवले, तर खाली वेगळा थर बसला.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. जूनमध्ये आम्ही टाकी पाव भरलेली ठेवून गाडी उभी केली होती. पूर्वी एवढ्याने फार बिघडत नसे. पण पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 2022 साली 10 टक्के आणि 2025 साली 20 टक्के झाले. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. पाणी हद्दीबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात, आणि इंजिनाला पेट्रोल जाते ते तळातूनच. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा नरम करते आणि टाकीतला जुना मळ सोडवून जेटपर्यंत आणते. ते 20 टक्के गृहीत धरून ही गाडी बनलेलीच नाही. तेव्हा नळ्यांकडे दरवर्षी लक्ष देणे भाग आहे.

टाकी रिकामी केली, जेट साफ केले, पेट्रोलची नळी बदलली आणि ताजे आठ लिटर पेट्रोल भरले. झाकण, पॉइंट, कंडेन्सर, नळी, पेट्रोल आणि मिस्त्रींची मजुरी मिळून 2,580 रुपये झाले. पुलावर पुन्हा नेली, गाडी चढून गेली.

इंजिन खोलायची पाळी केव्हा?

कधी कधी दोष खरोखर आत असतो. उभ्या गाडीत व्हॉल्व्हला गंज चढून तो अडकतो. पण त्याचीही आधी परीक्षा आहे. प्लगच्या जागी मीटर लावून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एक सिलिंडर इतरांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंग झिजलेली, न चढला तर व्हॉल्व्हची शंका. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर बहुधा हेड गॅस्केट गेलेले असते. हे मोजल्याशिवाय जो कोणी इंजिन खोलायला सांगेल, त्याला आधी आकडे दाखवायला सांगावे. आमचे चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले. म्हणजे 38,000 रुपये ज्या रोगावर जाणार होते, तो रोगच नव्हता.

पुढच्या पावसाळ्यासाठी

गॅरेजचा राग मनात होता, पण कसूर आमचाही होता. पाव भरलेली टाकी आणि प्लॅस्टिकची ताडपत्री, दोन्ही आमच्याच हातची. ताडपत्रीने पाऊस अडवला, पण जमिनीची ओल आत कोंडली. आता गाडी छपराखाली, सुती आच्छादनाखाली ठेवायची असे ठरवले आहे. उभी करण्याआधी टाकी ताज्या पेट्रोलने काठोकाठ भरावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही. कार्बोरेटर रिकामा करावा, बॅटरीची एक तार सोडावी. जमेल त्याने पंधरवड्यातून एकदा, उघडीप पाहून, गाडी वीसेक मिनिटे फिरवून गरम करावी. नुसते पाच मिनिटे इंजिन चालवून बंद केले तर सायलेन्सरमध्ये पाणी साचते. आणि मिसिंग करणारी गाडी तशीच दामटू नये. न जळलेले पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते, खर्च वाढतो आणि पीयूसीत गाडी नापास होते.

दिवाळीचा सीझन आम्ही याच गाडीवर काढला. भंगारवाला पुन्हा विचारायला आला, तेव्हा धाकट्या भावांनीच त्याला परत पाठवले. घरात नवी पण निरुपयोगी ठरलेली कॉईल आणि तिची पावती आहे. ती पावती आम्ही दुकानाच्या गल्ल्यात ठेवली आहे. न तपासता केलेल्या खरेदीची आठवण म्हणून.