दादींच्या पासपोर्टातली चिप

द्राक्षाचा हंगाम आटोपला आणि आमच्या घरी दादींच्या उमऱ्याची तयारी सुरू झाली. पोस्टमनने पिंपळगाव बसवंतच्या घरी नवा पासपोर्ट आणून दिला, तेव्हा सगळे भोवती जमले. कव्हरवर खालच्या बाजूला एक छोटे सोनेरी चिन्ह होते. दादींनी विचारले, "हे काय नवीन?" दहावीची परीक्षा दिलेली नात म्हणाली, "दादी, यात चिप आहे. तुमचं नाव, फोटो, बोटांचे ठसे, सगळं तिच्यात आहे." दादींनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "मग हिला चार्जिंग कुठून करायचं?"

सगळे हसले. पण प्रश्न नेमका होता, आणि उत्तर आमच्यापैकी कुणालाच देता आले नाही. मग आम्ही शोधायला बसलो.

या चिपला सेल लागतच नाही. विमानतळावरचे यंत्र रेडिओलहरी सोडते. पासपोर्टात तारेचे बारीक वेटोळे असते, त्यात या लहरींमुळे किंचित वीज तयार होते. तेवढ्यावर चिप जागी होते, माहिती देते आणि पुन्हा झोपी जाते. विशेष म्हणजे हे पासपोर्ट आपल्याच जिल्ह्यात, नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतात. देशातला पहिला ई-पासपोर्ट २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देण्यात आला. सर्वसामान्यांना तो २०२४ पासून टप्प्याटप्प्याने मिळू लागला. ज्यांच्याकडे जुना पासपोर्ट आहे, त्यांनी घाबरू नये, मुदत संपेपर्यंत तो चालतो.

आता प्रश्न असा, की चिप एवढ्या थोडक्या विजेवर चालते कशी? आपल्या भागात ठिबक कुणाला समजावून सांगावे लागत नाही. व्हॉल्व्ह उघडला की पाणी जाते, बंद केला की थांबते. चिपमधला ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा असाच व्हॉल्व्ह. उघडा म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. संगणकाचा सगळा हिशेब या दोन अंकांवर चालतो.

आज सर्वत्र वापरात असलेल्या ट्रान्झिस्टरचा मूळ प्रकार १९५९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दोघांनी घडवला. एक कोरियात जन्मलेले दावॉन कांग आणि दुसरे इजिप्तमधील पोर्ट सईदचे मोहम्मद अटाला. अटाला कैरोत शिकून अमेरिकेला गेले होते. पुढे बँकांच्या एटीएमचा पिन क्रमांक सुरक्षित ठेवणारे यंत्रही त्यांनीच बनवले. रोज पिन टाकणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे?

त्यानंतर शर्यत सुरू झाली ती व्हॉल्व्ह लहान करण्याची. व्हॉल्व्ह जितका छोटा, तितका तो कमी जोरात आणि झटपट उघडतो, म्हणून वीज आणि वेळ दोन्ही वाचतात. शिवाय सिलिकॉनच्या एकाच चकतीतून जास्त चिपा निघतात, म्हणून त्या स्वस्त होतात. १९७१ मध्ये इंटेलच्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० मध्ये अ‍ॅपलच्या एम-१ चिपवर ते १,६०० कोटी झाले. बाजार समितीत कांदा-टोमॅटोचा लिलाव चालू असताना शेतकरी खिशातल्या फोनवर दुसऱ्या बाजाराचे भाव पाहतो, त्यामागे हीच करामत आहे.

पण लहान करण्यालाही मर्यादा आहे. व्हॉल्व्ह फारच बारीक झाला, की बंद असतानाही गळतो. वीज वाया जाते आणि चिप तापते. उपाय म्हणून अभियंत्यांनी विजेची वाट सपाट न ठेवता उभ्या पात्यासारखी केली आणि तिला तीन बाजूंनी दाब दिला. आता तर चारही बाजूंनी वेढा घालणारे ट्रान्झिस्टर आले आहेत. म्हणजे आजची प्रगती नुसती लहान करण्यात नाही, तर रचना हुशारीने बदलण्यात आहे.

प्रत्येक कामाला सर्वांत बारीक चिपच लागते असेही नाही. इस्रोची 'विक्रम' ही अग्निबाणासाठीची चिप मोहालीत १८० नॅनोमीटर या जुन्या तंत्राने बनते. नव्या फोनमधल्या चिपा यापेक्षा कितीतरी बारीक तंत्राच्या असतात. पण अग्निबाणाला हवी असते थंडी-उष्णता आणि हादरे सोसणारी, दगा न देणारी चिप.

हे सगळे वाचून झाल्यावर नातीने हळूच विषय काढला, "मला दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचाय." घर एकदम शांत झाले. चाचा म्हणाले, "मोबाइल दुरुस्तीचं काम पोरींचं आहे का? आणि रोज नाशिकला कोण सोडणार?" खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच होते. पण नुकतेच वाचलेले आठवले. चिपची आखणी संगणकावर होते, मग तपासणी, जोडणी, कवचात बसवणे, या प्रत्येक टप्प्याला माणसे लागतात. देशात गुजरातमध्ये साणंद आणि धोलेरा इथे चिपचे कारखाने उभे राहत आहेत. तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये चिपनिर्मितीच्या डिप्लोमाचा आणि चिप-आखणीच्या पदवीचा अभ्यासक्रमही आखून दिला. तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे वाट दहावीपासूनच आहे.

निकाल दादींनी दिला. "माझा पासपोर्ट नाशिकला बनला म्हणता ना? मग पोरगी नाशिकला शिकली तर काय बिघडलं? पहाटेची बस मी स्वतः दाखवीन तिला."

प्रवेशाचा अर्ज भरायचे ठरले. वाचकहो, आपल्या प्रत्येक घरात आज दहा-वीस चिपा तरी असतील, फोनमध्ये, मीटरमध्ये, बँकेच्या कार्डात. त्या वापरणारे आपण सगळेच आहोत. त्या समजून घेणारे, घडवणारे एखादे मूल आपल्या घरात विचारत असेल, तर त्याला, आणि तिलाही, गप्प बसवू नका.