नव्या खातेवहीवरील नोकरी
ब्लॉकचेन म्हणजे अनेकांजवळ एकाच वेळी असणारी व मागील नोंद सहसा खोडता न येणारी खातेवही होय. २००९ साली सुरू झालेले बिटकॉइन तिच्यावरच चालते. या धंद्यात केवळ संगणकतज्ज्ञांनाच नोकरी मिळते, हा समज योग्य नव्हे. भारतात २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे व मार्च २०२३ पासून या पेढ्यांना ग्राहकांची ओळख पडताळणे बंधनकारक आहे. म्हणून हिशेबनीस व कायद्याचे जाणकारही त्यांना लागतात. मात्र आपल्या मुलामुलींनी नोकरी पत्करण्यापूर्वी पेढीची नोंदणी केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे आहे काय, आणि पगार रुपयांत मिळेल की तिच्याच नाण्यांत, हे अवश्य विचारावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही परदेशी पेढी बुडाली, ती ग्राहकांच्या ठेवी अन्यत्र वळविल्यामुळे. वही कितीही पक्की असो, पेढी माणसेच चालवितात.