जुन्या फियाटला नवा पट्टा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९७४ साली बाहेर पडलेली पद्मिनी तुम्ही आजही चालवत असाल आणि सिग्नलला हवालदाराने काच खाली करायला लावून "पट्टा कुठाय?" असं विचारलं, तर तुम्हाला तुमची बाजू मांडता येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ क्रमांकाचा नियम पट्टा लावायला सांगतो तो ज्या गाडीत नियमाप्रमाणे पट्टे दिलेले आहेत तिच्यापुरता. पुढच्या सीटना पट्टे देणं कारखानदारांवर बंधनकारक झालं १९९४ साली आणि मागच्या सीटना २००२ साली. त्याआधीच्या गाडीत पट्टाच नाही, तर लावणार काय? हा युक्तिवाद भर चौकात, मागे बेस्टची बस हॉर्न वाजवत असताना, कितपत चालतो हा भाग वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड हजार रुपयांचा आहे, आणि बरेच जण वाद घालण्यापेक्षा तो भरून मोकळे होतात.

पण हल्ली जुन्या गाड्यांचे मालक स्वतःहून पट्टे बसवून घेऊ लागले आहेत, ते काही दंडाच्या भीतीने नाही. पद्मिनीचा मूळ सांगाडा १९५३ च्या इटालियन फियाट ११०० चा. डॅशबोर्ड पत्र्याचा. स्टिअरिंगचा दांडा आजच्या गाडीसारखा धक्क्यासरशी आत दुमडणारा नाही, तो ड्रायव्हरच्या छातीवर नेम धरून उभा असतो. सीटच्या पाठीला डोकं टेकायला आधार नाही. ७० किलोचा माणूस ताशी ५० किलोमीटरच्या वेगावरून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबला, तर त्याला थांबवायला सरासरी सुमारे एक टन वजनाइतका जोर लागतो. हा जोर पट्ट्याने लावायचा की स्टिअरिंगच्या दांड्याने, एवढंच आपल्या हातात असतं. दोन्ही हात डॅशबोर्डला टेकवून आपण सावरू, असं मानणाऱ्यांनी एक टनाचं पोतं एकदा उचलून पाहावं.

आजचा तीन टोकांचा पट्टा ज्याने बनवला तो निल्स बोलिन हा स्वीडिश इंजिनियर मोटारींच्या धंद्यातला नव्हताच. साब कंपनीत तो लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत असे. व्होल्वोने त्याला १९५८ साली घेतलं. त्याआधी पट्टे नव्हते असं नाही. अमेरिकेत नॅशने १९४९ मध्ये आणि फोर्डने १९५५ मध्ये कंबरपट्टे देऊन पाहिले होते, आणि १९५४ च्या डिसेंबरात कर्नल जॉन स्टॅप यांनी रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेऊन ताशी हजारावर किलोमीटरचा वेग गाठला होता. तिथून दीड सेकंदाच्या आत थांबूनही ते जिवंत राहिले. माणसाचं शरीर नीट बांधलं तर किती सोसतं याचा तो पुरावा. पण वैमानिकाला चार पट्ट्यांनी आवळता येतं, बाजारात निघालेल्या गृहस्थाला नाही. बोलिनची खुबी अशी की एकच पट्टा छातीवरून तिरका आणि मांडीवरून आडवा जातो आणि बक्कल पोटावर न येता कडेला, कंबरेच्या खाली येतं. एका हाताने लावता येतं. असा पट्टा असलेली पहिली व्होल्वो १९५९ च्या ऑगस्टमध्ये क्रिस्टियानस्टाड गावच्या विक्रेत्याकडे पोचली. कंपनीने पेटंट घेतलं, पण ते इतर कारखानदारांना वापरायला मोकळं ठेवलं. मोटारीच्या इतिहासात अशी दिलदारी फारशी सापडत नाही.

त्या पट्ट्याला रीळ नव्हतं. लांबी एकदा हाताने जुळवून ठेवायची, मग रेडिओचं बटण गाठायचं तरी पट्टा अडवणार. ताकदीत तो कमी नव्हता. लोक तो लावायचेच नाहीत, किंवा असा सैल लावायचे की लावून न लावल्यासारखाच. म्हणून शहाणे लोक आज जुन्या गाडीत आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा बसवतात तेव्हा ते जास्त मजबुती विकत घेत नसतात, सवय विकत घेत असतात. माझ्या मते हे नीट लक्षात घेतलं नाही तर पुढचं सगळं चुकतं, कारण रीळ ही सोय आहे आणि त्या सोयीच्या स्वतःच्या अटी आहेत.

रीळ उघडून पाहिलं तर आत एक चपटी गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती पट्टा मागे ओढत राहते. पट्टा ज्या फिरकीवर गुंडाळलेला असतो तिच्या टोकाला दातेरी चकती. खाली एका वाटीत पोलादी गोळी. ब्रेक लागला की गाडी मंदावते पण गोळीला पुढे जायचं असतं, ती वाटीच्या काठावर चढते, वरची छोटी पट्टी उचलते आणि खटका दात्यांत अडकतो. फिरकी थांबते. याशिवाय दुसरी एक तजवीज असते. पट्टा स्वतःच झटक्यात ओढला गेला, तर फिरकीसोबत फिरणारा एक जड भाग मागे रेंगाळतो आणि त्यानेही खटका पडतो. घरी हिसका देऊन आपण तपासतो ती ही दुसरी तजवीज. गोळीची परीक्षा त्यात होतच नाही.

आणि गोळी फार चोखंदळ. युरोपीय नियमांप्रमाणे नेहमीच्या रिळाने गुरुत्वाकर्षणाच्या ०.४५ पट मंदावण्याला अडकलं पाहिजे, १२ अंशांपर्यंतच्या कलण्याला अडकता कामा नये, आणि २७ अंशांच्या पुढे मात्र अडकलंच पाहिजे. म्हणजे रीळ ज्या कोनात बसवण्यासाठी बनवलं त्यापासून वीस-पंचवीस अंश तिरकं बसलं, तर दोनपैकी एक काहीतरी होणार. एक तर पट्टा बाहेरच येणार नाही किंवा घाटात गाडी जरा कलली की छाती आवळून धरेल, किंवा मग गोळीला चढायला भलतीच मेहनत पडून ती नको तेव्हा गप्प राहील. आजच्या प्रत्येक मॉडेलच्या दोन दारांमधल्या खांबाचा कल वेगळा आणि त्याचं रीळ त्या कलाशी जुळवलेलं. म्हणूनच जुन्या गाड्यांसाठी पट्टे बनवणाऱ्या परदेशी कंपन्या कोन बदलता येणारी रिळं देतात, आणि पाकिटावर बाणाने वरची बाजू दाखवलेली असते. तो बाण मिस्त्रीला दाखवणं हे मालकाचं काम.

आता कुर्ल्याचा सीएसटी रोड. जिथे पद्मिनी जन्मली त्याच उपनगरात भंगारातल्या मोटारींचे सुटे भाग मांडून बसलेल्या दुकानांची रांग आहे, आणि चार-पाच वर्षं जुन्या गाडीचा पट्टा तिथे नव्याच्या पाव किमतीत मिळतो. घेऊ नये. भंगारात आलेल्या बऱ्याच गाड्या अपघातातल्या असतात, आणि एकदा माणसाचा भार झेललेल्या पट्ट्याचे धागे ताणलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाही. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. नव्या रिळांत धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारी छोटी स्फोटक नळी असते. पिवळ्या प्लगच्या त्या वायरींना कुतूहलापोटी मीटर लावून पाहणं हा शहाणपणा नव्हे. शिवाय अशा रिळाच्या आसात पीळ खाणारी एक सळई असते. भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती वळते आणि पट्टा थोडा सैल सोडते, कारण समोर एअरबॅग फुगलेली असणार असा हिशोब असतो. पद्मिनीत समोर एअरबॅग नाही. समोर तोच दांडा आहे. छातीला पुढे सरकायला दिलेली ती सवलत इथे जिवावर बेतू शकते.

म्हणून नवा, साधा, शिक्का असलेला पट्टा घ्यावा. वर्तुळातलं 'ई' अक्षर आणि त्याखालचा मंजुरी क्रमांक लेबलवर पाहावा. आणि मग खरी कसोटी सुरू होते, ती पत्र्याची.

जुन्या फियाटला वेगळी चासी नाही, अंग हाच सांगाडा. पट्ट्याच्या टोकावर येणारा भार म्हणजे पातळ पत्र्यावर येणारा भार, आणि हे काम त्या पत्र्याला इटलीतही कुणी दिलेलं नव्हतं आणि कुर्ल्यातही नाही. आजच्या गाड्यांच्या बांधणीच्या जागा तपासताना खांद्याच्या आणि कंबरेच्या भागाला प्रत्येकी तेराशेहून अधिक किलोंचा ओढा दिला जातो. नुसतं भोक पाडून, खालून वॉशर लावून कसलेला बोल्ट अशा ओढ्याला पत्र्यातून असा निसटतो, जसं ओल्या पुठ्ठ्यातून टाचणी.

पुण्यातल्या एका गॅरेजात मिस्त्रींना मी हे काम करताना पाहिलं. त्यांनी आधी पट्टा हातातच घेतला नाही. रबरी मॅट उचलली, खालचा डांबराचा थर खरवडला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दाराखालच्या पट्टीवर ठोकत गेले. पुढे टणटणीत आवाज, मधल्या खांबाच्या पायाशी बद्द. टोक दाबलं तर गंजाची पापुद्री पडली आणि खालची जमीन दिसली. मुंबईत समुद्राजवळ राहिलेल्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं, आणि नेमकं तिथेच रीळ बसायचं असतं. "साहेब, आधी दोन दिवस डेंटिंग, मग बेल्ट," एवढंच ते म्हणाले. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडला. मग खांबाच्या आतल्या बाजूने लहानशी खिडकी कापून तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पाटी आत सरकवली. पाटीच्या कडा गोल घासलेल्या, कारण धारदार कड पत्र्याला कापते. पाटीमागे नट वेल्ड केलेला.

बोल्टचंही एक प्रकरण आहे. पट्ट्यांसाठी जगभर साडेतीन सुताचा, इंचाला २० आटे असलेला बोल्ट चालतो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळतो १२ मिलिमीटरचा, आणि "तोच मारून बसवतो" म्हणणारे भेटतात. पट्ट्यासोबत आलेलाच बोल्ट वापरावा. त्याच्या मानेला खांदा असतो, तो पूर्ण आवळल्यावरही पट्ट्याचं लोखंडी टोक मोकळं फिरलं पाहिजे. ते अडकून बसलं तर भार वाकडा पडतो.

आतलं टोक, म्हणजे बक्कल, सीटच्या मधल्या बाजूला येतं. तिथे जमिनीचा उंचवटा आहे आणि त्याच्या खाली मागच्या चाकांना फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट. वरून ड्रिल मारण्याआधी गाडीखाली झोपून पाहावं की बोल्टचं टोक शाफ्टला घासणार नाही ना, ब्रेकची नळी मध्ये येत नाही ना. वरचं टोक खांद्याच्या उंचीला किंवा त्याच्या वर हवं. काही हौशी खांबाला हात लावायचा नाही म्हणून पट्टा मागच्या जमिनीतून आणून सीटच्या पाठीवरून पुढे घेतात. धडकेत असा पट्टा खांदे खाली दाबतो आणि मणका चेपतो. त्यापेक्षा काही न करणं बरं, असं म्हणायचा मोह होतो. डुक्कर फियाट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पन्नासच्या दशकातल्या गाड्यांत अडचण आणखी मोठी. त्यांची पुढची दारं उलट्या बाजूने उघडतात, त्यामुळे पुढच्या-मागच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्या त्या एकाच मधल्या खांबावर. तिथे पाटी सरकवायला जागा शोधणं हे खऱ्या कारागिराचं काम. पद्मिनीवाल्यांना एक सोपी वाट आहे. कारखान्याच्या शेवटच्या वर्षांतल्या, १९९४ नंतरच्या गाडीत पट्टे नियमानेच आले होते. अशी एखादी गाडी गाठून जागा मोजून घ्याव्यात.

मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांना हे कापणं-जोडणं पाहवत नाही. त्यांचंही अगदीच चूक नाही. २०२१ च्या जुलैमध्ये आलेल्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली, ती गाडी मूळ रूपात असेल, चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठे बदल नसतील या अटीवर. १९७४ ची पद्मिनी आता त्या वयाची झाली आहे. सांगाड्याच्या आत बसवलेली पाटी मोठा बदल म्हणायची का, हे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं, आणि आधीचे-नंतरचे फोटो ठेवावेत. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नसतेच. ती प्रदर्शनापुरती, रॅलीपुरती निघते. जी पद्मिनी दर रविवारी मुंबई-पुणे करते तिच्या मालकाने मूळपणाचं कौतुक जरा बाजूला ठेवावं, असं माझं मत.

मागच्या सीटचं बोलायला आपण २०२२ च्या सप्टेंबरात लागलो. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या दोन महिन्यांतच मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना पट्ट्याची सक्ती जाहीर केली, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी विचारलं, आमच्या गाडीत मागे पट्टे आहेत कुठे? वर्षभराने शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनीत मागे दोघांसाठी तीन टोकांचे पट्टे बसवता येतात. वरचं टोक मागच्या काचेलगतच्या खांबाशी, तिथेही पाटी लागतेच, आणि डिकीतून काम करताना पेट्रोलची टाकी आधी उतरवून वेल्डिंग करावं हे सांगायला नको.

राहिला पुढचा बाक. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे फियाटमध्ये पुढे तिघं बसायची, आणि मांडीवर एखादं पोर. मधल्या माणसाला खांद्याचा पट्टा देताच येत नाही, कारण वर बांधायला काही नाही. फक्त कंबरपट्टा दिला तर धडकेत माणूस कंबरेत दुमडतो आणि डोकं थेट पत्र्याच्या डॅशबोर्डवर. शिवाय बाकाची स्प्रिंग मऊ असल्याने माणूस खाली दबून पट्ट्याखालून पुढे घसरतो, आणि मग कंबरेच्या हाडांवर बसायला हवा तो पट्टा ओटीपोटावर चढतो. म्हणून स्प्रिंगा बदलून, गादीत कडक फोम भरून घ्यावा आणि मधे बसवूच नये कुणाला. काम झाल्यावर मिस्त्रींनी मालकाला मोकळ्या रस्त्यावर ताशी पंधरा-वीसच्या वेगाने नेऊन कचकन ब्रेक मारायला लावला, दोन्ही बाजूंची रिळं अडकली, तशी त्यांनी वही काढून बिल लिहायला घेतलं. मालकाच्या आईने मागून विचारलं, मग आता लोणावळ्याला सात जण कसे जाणार? पद्मिनीत चार, असं मिस्त्रींनी सांगितलं, बाकीच्यांनी डेक्कन क्वीनने यावं.