वयोमर्यादित राष्ट्रीय संघ : नाव आणि नामधारक

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदपत्रांत 'भंडारा जिल्हा' या पदाने जो प्रदेश सूचित होतो, तो आजचा नव्हे. नाव अखंड राहिले, नामधारक बदलला. जिल्ह्याच्या बाबतीत हे क्वचित घडते. फुटबॉलच्या वयोमर्यादित राष्ट्रीय संघाच्या बाबतीत मात्र हा नित्याचा नियम होय. 'भारताचा १७ वर्षांखालील संघ' हे नाव टिकते, आणि ते धारण करणारी मुले दर आवर्तनात नियमानेच बाहेर पडतात.

हे नाव अक्षरशः घेऊनही चालत नाही. २०१७ च्या विश्वचषकासाठी १ जानेवारी २००० रोजी वा त्यानंतर जन्मलेला खेळाडू पात्र होता. म्हणजे ऑक्टोबरात एखादा खेळाडू १७ वर्षे ९ महिन्यांचाही असू शकत होता. 'खालील' हा शब्द येथे वय सांगत नाही, जन्मदिनांकाची रेषा सांगतो. खो-खोतील 'कुमार' आणि 'किशोर' या संज्ञा निदान असा फसवा काटेकोरपणा मिरवीत नाहीत.

या स्पर्धेत भारताला प्रवेश मिळाला तो यजमान म्हणून. दिल्लीत अमेरिकेकडून ०–३, कोलंबियाकडून १–२ आणि घानाकडून ०–४ असे तिन्ही सामने गेले. कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला जीक्सन सिंगने डोक्याने केलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा पहिला गोल ठरला. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. पुढल्याच वर्षी मलेशियातील १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत वेगळ्याच मुलांचा संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तेथे दक्षिण कोरियाकडून ०–१ असा पराभव झाला. तो सामना जिंकला असता, तर विश्वचषकाचे स्थान यजमानपदावाचून मिळाले असते. केवळ निकालांची मालिका मांडणारा अभ्यासक या दोन नोंदींतून 'प्रगती' वाचील. परंतु प्रगती कोणाची? मैदानावर एकही समान खेळाडू नव्हता. समान होती ती निवडीची आणि प्रशिक्षणाची यंत्रणा, आणि इतिहास लिहावयाचा तो तिचाच.

म्हणूनच अशा संघाचे फलित पुढील संघात शोधावे लागते. १९७४ साली बँकॉक येथे शब्बीर अली यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या युवा संघाने अंतिम सामना २–२ असा सोडवून इराणसह आशियाई विजेतेपद वाटून घेतले. शब्बीर अली पुढे मुख्य संघातून दीर्घकाळ खेळले. २०१७ च्या संघातील अमरजित सिंग, सुरेश सिंग, अन्वर अली आणि स्वतः जीक्सन हेही मुख्य संघात पोहोचले.

विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रात सर्व जिल्ह्यांतील शाळकरी मुलांना फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम झाला. उद्दिष्ट १० लाख मुलांचे होते. त्या दिवशी १० वर्षांचा असलेला मुलगा २०२३ च्या विश्वचषकास पात्र होता, २०२५ च्या स्पर्धेस नव्हता. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत भारताचा संघ गटसाखळीतच बाद झाला.