पेटीची जाळी जपा

आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते, तेव्हा वाटेवरच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या बाहेर निघतात. जुन्या पेटीचा सूर सगळे वाखाणतात, तिच्या अंगावरची नक्षी मात्र फारसे कोणी न्याहाळत नाही.

वरचे झाकण उघडले की कमळ, वेलबुट्टी, चांदणी असे काहीबाही कोरलेली जाळी दिसते. आवाज बाहेर पडतो तो तिच्यातूनच. जाळी मोकळी तर सूर खणखणीत, झाकली तर मऊ. भात्याच्या फळीवर भोकांचे फूल असते. त्यातून हवा आत जाते आणि आतली चामड्याची पट्टी ती परत फिरू देत नाही. भोके पाडावीच लागणार होती, कारागिराने त्यांचे फूल केले! दर्शनी फळीवर घडवणाऱ्याचे नाव आणि कडेला रंगवलेली अक्षरे: कोणाच्या स्मरणार्थ, कोणत्या साली. मला हा मजकूर सगळ्या कोरीवकामाहून मोलाचा वाटतो. गावाच्या कुठल्याही दप्तरात न सापडणारी नावे तिथे असतात.

हार्मोनियम मूळची पॅरिसची. अलेक्सांद्र दबँ याने १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगे रूप दिले. पट्ट्यांची वाद्ये सजवण्याची हौस त्याहून कितीतरी जुनी. सोळाव्या-सतराव्या शतकांत अँटवर्पचे रुकर्स घराणे हार्पसिकॉर्ड घडवत असे. तारांखालच्या फळीवर फुले, पक्षी, किडे, अगदी कोळंबीसुद्धा रंगवलेली. फळीतल्या गोल झरोक्यात हार्प वाजवणारा सोनेरी देवदूत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कारागिराची आद्याक्षरे. झाकणावर लॅटिन वचने असत. त्यांतले एक जगाचे वैभव क्षणभंगुर असल्याचे बजावते. आपले कीर्तनकार तरी वेगळे काय सांगतात?

आपल्याकडे पेटी दुरुस्तीला गेली की फुटकी जाळी फेकून सनमायका बसतो आणि नवे पॉलिश जुनी नावे गिळून टाकते. मंडळांच्या कारभाऱ्यांना विनंती आहे: यंदा वारीआधी पेटी दुरुस्तीला द्याल तेव्हा भाता खुशाल बदला, रीड नव्या घाला; पण जाळी आणि नावाची फळी होती तशीच परत बसवून घ्या. ते जमणारच नसेल, तर पेटी देण्याआधी फोटो काढा आणि मजकूर मंडळाच्या वहीत उतरवून ठेवा.