जलाभेद्यीकरणपूर्व पृष्ठपरीक्षा

जलाभेद्यीकरणपूर्व पृष्ठपरीक्षा : गच्ची, न्हाणीघर, पाण्याची टाकी इ. बांधकामांवर पाणी अडविणारा थर देण्यापूर्वी मूळ पृष्ठ तो धरून ठेवण्यास योग्य आहे की नाही, हे तपासण्याची क्रिया. गळक्या गच्चीचा दोष पुष्कळदा वापरलेल्या द्रव्यात नसून त्याखालील धुळीत वा ओलाव्यात असतो. ही तपासणी नवी नाही. मराठवाड्यातील माळवदांवर पावसाळ्यापूर्वी माती पसरताना आधी गवत मुळांसकट उपटून उंदीर-मुंग्यांची बिळे बुजविली जात.

परभणी जिल्ह्यात बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्यामुळे ही कामे बहुधा एप्रिल-मेमध्ये, काहीशा घाईने उरकली जातात. त्या वेळी तापमान ४०° से. च्या वर जाते व काँक्रीट ठणठणीत कोरडे दिसते. हे दिसणे फसवे असते. आतील ओलाव्याची उन्हाने वाफ होते व ती डांबरी थराखाली कोंडून थराला फोड येतात. याकरिता सु. ४५ सेंमी. चौरस पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कडा चिकटपट्टीने बंद करून पृष्ठावर किमान १६ तास ठेवतात. त्याच्या खालच्या बाजूस थेंब जमल्यास किंवा काँक्रीट काळसर पडल्यास काम थांबवावे लागते. सिमेंटयुक्त लेपाची गरज मात्र उलट असते. तापलेले कोरडे काँक्रीट लेपातील पाणी शोषून घेते व लेप भुकटीसारखा सुटतो. म्हणून पृष्ठ आधी भिजवून, साचलेले पाणी पुसून मगच लेप देतात. दोन्ही प्रकारांना एकच नियम लावणे ही नेहमीची चूक होय.

खिळ्याने ओरखडल्यावर पीठ सुटल्यास वरचा मऊ थर तारेच्या ब्रशाने काढतात. हातोडीने ठोकताना पोकळ आवाज देणारा गिलावा फोडून टाकतात. पाण्याचा थेंब न पसरता गोळा होऊन राहिला, तर तेथे साच्याच्या फळ्यांचे तेल लागलेले असण्याचा संभव असतो. फळी व पाणसळ यांनी उतार पाहतात. तो सामान्यतः १०० सेंमी. ला १ सेंमी. तरी असावा. कठड्याच्या कोपऱ्यातील वाटा व नळांभोवतीच्या फटी यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

भेगांची परीक्षा सर्वांत कठीण. जिल्ह्यातील काळी माती ओलीने फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरील उथळ पाया हलून भिंतींना भेगा जातात व त्या कधीकधी गच्चीपर्यंत पोहोचतात. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी पक्की बसवितात. ती तडकल्यास भेग हलती आहे, असे समजते. स्थिर भेग सिमेंटने बुजविता येते, हलती भेग मात्र रुंद करून लवचिक द्रव्याने भरावी लागते. मेमधील चार दिवसांच्या निरीक्षणावरून भेग स्थिर ठरविणे धोक्याचे असते, कारण मातीची हालचाल पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा सुरू होते.