पत्र्याचा डबा आणि उतरता ताव

दसरा झाला की आमच्या घरी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली येतो. पंधरा किलो तेलाचा चौकोनी डबा. वरचं तोंड कापून, कडा आत ठोकून, कडीचं झाकण बसवून घेतलेलं. बाजूला लाल ऑइलपेंटनं आमचं आडनाव. सासूबाईंच्या काळापासून हा डबा वर्षातून एकदाच कामाला लागतो. रिकामा भट्टीवर जायचा आणि नानकटाईनं भरून घरी यायचा.

आमच्या कंधारला, लोह्याला, मुखेडला, माझ्या माहेरी अहमदपूरलाही ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. पीठ, तूप, साखर घरची. ताव तेवढा बेकरीचा. कुणी घरून मळून नेतं, कुणी सामान नेऊन तिथल्या कारागिराकडून मळून घेतं. किलोमागं भाजणावळ द्यायची आणि आपला डबा उचलायचा. घरी केक-बिस्किटं करणं ही शहरातून आलेली हौस आहे असं नव्या मुलींना वाटतं, तेव्हा मी त्यांना हा डबा दाखवते. आमच्याकडं घरोघरी ओव्हन नव्हते, पण आख्ख्या पेठेचा मिळून एक होता.

माझं लग्न १९९१ सालचं. एकत्र कुटुंब, घरात तेरा माणसं. नव्या नवरा-बायकोनं संध्याकाळी नुसतं फिरायला जायची सोय नव्हती. तसं कुणी विचारतही नसे. पहिल्या दिवाळीला सासूबाई म्हणाल्या, "डबा घेऊन दोघं जा भट्टीवर. हा एकटा गेला की दुसऱ्याचीच बिस्कुटं घेऊन येतो." सायकलच्या कॅरियरला सुतळीनं डबा बांधलेला, हँडलला पिठाची पिशवी, हे सायकल हातात धरून चालतायत आणि चार पावलं मागं मी. आमचं पहिलं फिरणं ते. भट्टीवर गर्दी होती. भट्टीवाल्या चाचांनी डब्यावर खडूनं आकडा घातला आणि म्हणाले, "अभी ताव ज्यादा है बाई. दो घंटे लगते."

दोन तास! घरी परत जाऊन पुन्हा यावं, तर सासूबाईंनी दहा कामं सांगितली असती. हे हळूच म्हणाले, "किल्ला पाहिलास का?"

तेव्हापासून आमचा नेमच झाला. डब्याचा नंबर लावायचा आणि किल्ल्यावर जायचं. चौतीस वर्षांत दोनदाच चुकलं; एकदा मुलाच्या जन्मामुळं, एकदा टाळेबंदीमुळं.

किल्ल्याविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यावर जाणत्यांनी पुष्कळ लिहिलेलं आहे. कंधारचा हा भुईकोट आहे, मन्याड नदीच्या खोऱ्यातला. उभारणीचं श्रेय राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याला देतात. म्हणजे दहावं शतक. पुढं बहामनी, निजामशाही, १६३१ साली मोगल आणि शेवटी हैदराबादचा निजाम. गावाजवळचा जगत्तुंग तलावही राष्ट्रकूटांचाच. कंधारच्या संस्कृत शिलालेखात त्याचं नाव येतं. इथंच क्षेत्रपालाच्या एका अजस्र मूर्तीचे अवशेष मिळाले. अख्खी मूर्ती पन्नास फुटांच्या वर असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गावात हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे आणि त्याच्या उरुसाला सगळं गाव जातं. इतका मोठा ठेवा आपल्या तालुक्याला आहे, आणि आपली माणसं फिरायला महाबळेश्वरचं तिकीट काढतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आम्ही मात्र किल्ल्यात इतिहास शोधायला जात नसू. खंदकाच्या कडेनं चालायचं. पावसाळा संपून थोडेच दिवस झालेले असत, खंदकात पाणी असे, त्यावर बगळे. एखाद्या बुरुजाच्या सावलीत बसून चार भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. घरात ज्या गोष्टी बोलता येत नसत, त्या तिथं बोलायच्या. धाकट्या नणंदेच्या लग्नाचं कर्ज, माझं डीएड, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, हे सगळे निर्णय त्या दोन तासांत झालेत. वारा गावाकडून आला की भाजलेल्या तुपाचा वास यायचा. हे म्हणायचे, "चल, आपला नंबर आला."

आता भट्टीकडं येते, कारण माझा जीव तिच्यात आहे.

विटा-मातीची घुमटाकार खोली समजा; बुटकी, तोंडाला लोखंडी झडप. लाकडं आतच पेटवतात. तास-दोन तासांत विटा तापून निघाल्या की निखारे बाजूला ओढायचे, राख झाडायची, ओल्या गोणपाटानं फरशी पुसायची. पुढचं सगळं काम विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर होतं. ती हळूहळू उतरत जाते, म्हणून भट्टीवर कामाचा क्रम उतरत्या तावाचा. पहाटे कडक तावात पाव. दोन-अडीचशे अंशांच्या आसपास तो झरकन फुगतो आणि वरून तांबूस होतो. दुपारनंतर ताव दीडशे-पावणेदोनशेवर आला की नानकटाई आणि बिस्किटं. रात्री, भट्टी विझत आल्यावर, टोस्ट आणि खारी कडक व्हायला आत ठेवायची. एकाच सरपणात तिन्ही कामं.

थर्मामीटर कुठला? चाचा मूठभर मैदा भट्टीच्या फरशीवर फेकायचे. लगेच करपला तर थांबायचं. सावकाश बदामी झाला तर ट्रे आत. मी वर्गात मुलांना उष्णता शिकवायची तेव्हा हे उदाहरण सांगायची. विटांची उष्णता खालून, घुमटाची वरून आणि आतल्या गरम हवेची चहूकडून. तिन्ही वाटांनी भाजलेली नानकटाई खालून वरून एकसारखी बदामी होते. घरच्या लहान ओव्हनमध्ये खालची बाजू अंमळ जास्त लागते, वरची फिकट राहते. त्यावर उपाय एकच, ट्रे मधल्या कप्प्यात ठेवा आणि अर्ध्या वेळेला फिरवून घ्या.

खरी कसोटी भट्टीवर जाण्याआधी, परातीत असते. आमचं घरचं प्रमाण लिहून ठेवते. मैदा एक किलो, रवा आणि बेसन मिळून पाव किलो, तूप पाऊण किलो, पिठीसाखर सहाशे ग्रॅम, वेलदोडा-जायफळ, चिमूटभर मीठ, लहान चमचाभर खायचा सोडा आणि दोन चमचे दही. तूप थिजलेलं हवं. परातीत घेऊन तळहातानं फेसायचं, एकाच दिशेनं, पिवळं तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत. मग साखर घालून पुन्हा. वाटीभर पाण्यात त्याची गोळी टाकायची. तरंगली तर झालं, बुडाली तर अजून फेसा. सासूबाईंनी शिकवलेली ही खूण. कारण पुढं कळलं. फेसताना तुपात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. भट्टीत सोड्यातून सुटणारा वायू त्या बुडबुड्यांत शिरून ते फुगवतो, आणि नानकटाईवर त्या भेगा पडतात. तूप पातळ असेल तर हवा धरतच नाही. नानकटाई ट्रेवर पसरते आणि पापडासारखी चपटी होते. दह्याचं कामही तेच; आंबटपणा मिळाला की सोडा पुरता खर्ची पडतो. नाहीतर साबणासारखी चव राहते.

आमच्याकडं ऑक्टोबरच्या दुपारीही तूप विरघळतं, म्हणून फेसायचं काम पहाटेच. परातीखाली गार पाण्याचं पातेलं ठेवायचं. लोण्यापेक्षा तूपच का, हेही सांगते. लोण्यात सहाव्या हिश्शाइतकं पाणी असतं, तुपात जवळपास नसतंच. मैद्याला पाणी लागलं की तो चिवट होतो; तुपानं कणन् कण माखला की खुसखुशीत राहतो. म्हणून पीठ घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा होईल इतकं जवळ आणायचं. नव्या सुनेला मळायचा भारी उत्साह असतो. तिचा हात तिथंच थांबवावा.

नानकटाई मुळात सुरतेची. तिथं डच व्यापाऱ्यांची बेकरी होती. ते गेल्यावर ती दोटीवाला या पारशी माणसाच्या हाती आली आणि पुढं हे बिस्किट जन्मलं असं सांगतात. फारसीत नान म्हणजे पोळी-रोटी. आपल्याकडं बिस्किटांची गोडी आली ती हैदराबादच्या वाटेनं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि ते खारट-गोड उस्मानिया बिस्किट मीर उस्मान अली खान या शेवटच्या निजामाच्या नावाचं. इतिहास इथंच आवरते.

घरातला पहिला केक मी १९९४ साली कुकरमध्ये केला, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला. ह्यांनी मन्याडची वाळू आणली, चाळली, तीनदा धुतली, गच्चीवर वाळवली. कुकरच्या तळाला दोन बोटं वाळूचा थर, त्यावर जाळी. झाकणाची रिंग आणि शिट्टी काढलेली. हे विसरायचं नाही, आणि कुकरात पाणी घालायचं नाही. दहा मिनिटं तापवून मग डबा आत, बारीक आचेवर चाळीस मिनिटं. सुई टोचून कोरडी निघाली तेव्हा हे माझ्यापेक्षा जास्त हरखले. पुढं गोल विजेचा ओव्हन घेतला. भारनियमनाच्या वर्षांत त्यात किती केक मध्येच बसले याची गणती नाही. केक अर्धा फुगतो आणि लाइट जाते. आतला सांगाडा घट्ट व्हायच्या आधी उष्णता गेली, की वायू निघून जातो आणि मधोमध खळगा पडतो. असा केक टाकून देऊ नये. त्याचा चुरा दुधात भिजवून, तुपावर परतून शिरा होतो. आमच्याकडं मुलं तोच मागून खायची.

पण माझा सध्याचा ध्यास ज्वारीचा आहे. सगळ्या जगानं २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरं केलं. आमच्या ताटात ते रोजच होतं. मालदांडी असो की परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, या ज्वारीच्या पिठाला स्वतःची गोडी असते. अडचण एकच. गव्हातला चिवटपणा तिच्यात नाही, त्यामुळं निव्वळ ज्वारीची नानकटाई हातात घेतली की भुगा होतो. बऱ्याच खटपटीनंतर माझं प्रमाण बसलं. दोन वाट्या ज्वारी, एक वाटी कणीक, साखरेऐवजी किसलेला गूळ, थोडे भाजलेले तीळ. पीठ आधी कढईत मंद भाजून घ्यायचं, म्हणजे कच्चट वास जातो. ह्यांना साखर वर्ज्य झाल्यापासून मी हे करायला लागले. गूळही बेतानंच, म्हणून दिवसाला एक मोजून देते आणि हे ती चहात न बुडवता, सावकाश खातात.

भाजण्याची गोष्ट निघाली आणि रोडग्याला विसरले, तर खंडोबा रागावेल. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. एकनाथांच्या भारुडात देवीला रोडगा बोलतात, ते उगीच नाही. पैठणपासून कंधारपर्यंत हे मराठवाड्याचं जुनं भाजकाम आहे. जाडसर कणीक, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, घट्ट गोळे. गोवऱ्यांचा हार रचून पेटवायचा, धूर संपून निखारा झाला की त्यात रोडगे पुरायचे. वरची राख झटकून, फोडून, तुपात बुडवून खायचे. ओव्हनशिवायचा हा ओव्हनच म्हणा. खालून निखारा, वरून राख आणि मधे उतरत जाणारा ताव. भट्टीचं गणित नि याचं गणित एकच.

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा आणि वेळा अमावस्या, म्हणजे आमची येळवस, पाठोपाठ येतात. यात्रेत घोडे, उंट, गाढवं पाहायला आम्ही दोघं दर वर्षी जातो. काही घ्यायचं नसतं. दुसऱ्या दिवशी अहमदपूरला भावाच्या शेतात येळवस. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील. मी तिथं नानकटाईचा डबा नेते. आंबिलीवर नानकटाई चालत नाही असं वहिनी म्हणते आणि पहिली तीच उचलते.

यंदा भट्टीवर गेलो तर नंबर लावायची गरज पडली नाही. आमच्याआधी चारच डबे होते. चाचा आता नाहीत. त्यांचा मुलगा बसतो. पाव इथं कमी लागतो, गाडीनं बाहेरून येतो, म्हणून तो भट्टी रोज पेटवत नाही, दिवाळी आणि ईदच्या आधीच काय ती दोन-तीन आठवडे. मुंबईत २०२५ च्या सुरुवातीला उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडं वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. दाट वस्तीत धुराचा त्रास खराच आहे आणि मला तो निर्णय पटतो. पण विटांचा घुमट पाडायची गरज नाही, तो गॅसवरही तापतो. ताव विटा धरतात. भट्टी मोडते ती डबे येत नाहीत म्हणून.

माझी एवढीच विनंती. माळ्यावर तुमचाही डबा असेल. तो काढा, धुऊन उन्हात वाळवा, तूप पहाटे फेसा आणि दुपारी तीननंतर भट्टीवर जा. त्याआधी ताव जास्त असतो.